विषाणू, पेशी आणि अनुदान : एका सहकारी संशोधनयोजनेचा इतिहास

विज्ञानाचा इतिहास लिहिताना शोधांची व शोधकांची नोंद काळजीपूर्वक घेतली जाते; त्या शोधांना लागलेला पैसा कोणत्या अटींवर मिळाला, हा प्रश्न मात्र हिशेबनिसाचा समजून बाजूस ठेवला जातो. वस्तुतः अनुदान कोणत्या स्वरूपात दिले जाते, यावरून संशोधक कोणते प्रश्न हाती घेण्यास धजतील हे पुष्कळ अंशी ठरत असते. एच.आय.व्ही. हा विषाणू आणि मानवी पेशीतील प्रथिने यांच्या परस्परसंबंधांवरील संशोधन हे याचे एक बोधप्रद उदाहरण होय. प्रस्तुत लेखात त्यासंबंधीच्या अमेरिकेतील एका अनुदानयोजनेपुरताच विचार करावयाचा आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. या विषाणूचे भांडवल अगदी अल्प आहे : अवघी नऊ जनुके व त्यांपासून तयार होणारी सुमारे पंधरा प्रथिने. एवढ्या सामग्रीवर त्याला स्वतंत्रपणे काहीच करता येत नाही. पेशीत शिरण्यापासून नव्या विषाणूकणांच्या बाहेर पडण्यापर्यंतचे प्रत्येक काम त्याला पेशीच्या प्रथिनांकडून करवून घ्यावे लागते. पेशीत प्रवेश करताना तो सीडी-४ या प्रथिनाचा आश्रय घेतो, हे १९८४ साली कळले; सीसीआर-५ या दुसऱ्या प्रथिनाची गरज १९९६ साली उघड झाली. म्हणजे या विषाणूचा अभ्यास हा बऱ्याच अंशी आपल्याच पेशीचा अभ्यास आहे.

तथापि आरंभीच्या अनुदानांचा रोख विषाणूच्या स्वतःच्या प्रथिनांवर होता, आणि ते स्वाभाविकही होते. अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जनरल मेडिकल सायन्सेस’ या संस्थेने १९८७ च्या सुमारास एड्सशी निगडित प्रथिनांच्या रचनेच्या अभ्यासास साहाय्य देण्यास प्रारंभ केला. १९८९ साली विषाणूच्या प्रोटिएज या विकराची त्रिमितीय रचना अनेक प्रयोगशाळांच्या प्रयत्नांतून ज्ञात झाली, आणि १९९५ च्या डिसेंबरात त्या विकरास रोखणारे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले. एक प्रथिन, एक रचना, एक औषध असा हा सरळ मार्ग होता.

पेशीच्या प्रथिनांकडे वळताच हा मार्ग अपुरा पडू लागला. विषाणूतील ‘व्हिफ’ या प्रथिनाचेच उदाहरण घेऊ. काही पेशींत त्यावाचून विषाणूचे चालत नाही, तर काहींत चालते, हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. २००२ साली मॅलिम व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, पेशीतील एक संरक्षक प्रथिन (आज ते अपोबेक-३जी या नावाने ओळखले जाते) विषाणूस निकामी करते व व्हिफ त्या संरक्षकाचा काटा काढते. याच सुमारास अशा इतर जोड्याही निरनिराळ्या ठिकाणी सापडत होत्या. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २००५ साली ‘नेफ’ या विषाणुप्रथिनाचा पेशीतील एचएसपी-४० शी असलेला संबंध प्रसिद्ध केला. परंतु जोडी सापडणे निराळे आणि अनेक प्रथिने एकत्र येऊन बनलेला संघात प्रत्यक्ष कसा काम करतो हे दिसणे निराळे. त्यासाठी विषाणुशास्त्रज्ञ, जीवरसायनज्ञ, स्फटिकतज्ज्ञ, सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ आणि गणनतज्ज्ञ या सर्वांची गरज होती. एका संशोधकास चार-पाच वर्षांसाठी मिळणाऱ्या अनुदानात हे सर्व सामावणे अशक्यच होते.

२००७ साली उपर्युक्त संस्थेने नेमक्या याच कामासाठी तीन केंद्रांना अनुदान दिले. ती सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ, यूटा विद्यापीठ आणि पिट्सबर्ग विद्यापीठ येथे होती. प्रत्येक केंद्र म्हणजे अनेक विद्यापीठांतील प्रयोगशाळांचा संघ होता. उपकरणे व तंत्रज्ञ सामाईक होते, आणि बाहेरच्या संशोधकांना लहान रकमा देऊन सामील करून घेण्याचीही सोय पुढे ठेवण्यात आली. २०१२ साली अशा केंद्रांची संख्या पाच झाली. पुढे त्यांचा भार ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅलर्जी अँड इन्फेक्शियस डिसीजेस’ या भगिनीसंस्थेकडे गेला.

या व्यवस्थेचे फळ काय? २०१२ च्या आरंभी सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने विषाणूची सर्व प्रथिने मानवी पेशींत घालून, त्यांना कोण चिकटते याचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात ४३५ मानवी प्रथिनांशी ४९७ संबंध आढळले. त्यांपैकी एकाने व्हिफच्या कथेतील उणीव भरून काढली : व्हिफला आपले काम करण्यास सीबीएफ-बीटा हे पेशीचेच आणखी एक प्रथिन लागते. हाच निष्कर्ष दुसऱ्या एका गटाने त्याच वेळी स्वतंत्रपणे काढला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. या संघाताची रचना २०१४ साली प्रथम चीनमधील हार्बिन येथे उलगडली. व्हिफ आणि अपोबेक-३जी यांची प्रत्यक्ष गाठ कशी पडते व त्यांच्यामध्ये आरएनए कसा डिंकासारखा असतो, हे २०२३ साली दिसले, आणि त्या कामात सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांचा प्रमुख वाटा होता. २००२ ते २०२३ : एका प्रश्नास एकवीस वर्षे लागली.

यावरून सर्व श्रेय केंद्रांना देणे अनैतिहासिक ठरेल. तसेच नुसत्या याद्या म्हणजे ज्ञान नव्हे. विषाणूस आवश्यक असलेली मानवी जनुके शोधणाऱ्या तीन व्यापक चाचण्या २००८ साली प्रसिद्ध झाल्या, तेव्हा त्यांच्या याद्यांत फारच थोडी नावे समान निघाली. मोठी योजना मोठा ढीगही निर्माण करू शकते. केंद्रांचे वैशिष्ट्य असे की, यादी करणारा आणि त्यातील एकेका नावाची कसोटी घेणारा यांना त्यांनी एकाच अनुदानाने बांधून ठेवले.

या संदर्भात दोन अनपेक्षित परिणाम लक्षात घेण्यासारखे आहेत. विषाणूच्या कवचाचा अभ्यास यूटा येथील सुंडक्विस्ट १९९० च्या दशकापासून करीत होते. तेव्हा त्यात औषधाची आशा फारशी कोणास नव्हती. २०२२ साली मान्यता पावलेले लेनाकापाविर हे औषध याच कवचावर काम करते, आणि पेशीची काही प्रथिने कवचास ज्या खोबणीत बिलगतात तेथेच जाऊन बसते. औषध एका खाजगी कंपनीने सिद्ध केले. पण कवचाविषयीचे मूलभूत ज्ञान सार्वजनिक पैशातून जमलेले होते. दुसरे असे की, २०२० साली करोना विषाणूची साथ पसरताच सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच मंडळींनी तीच पद्धत वापरून काही आठवड्यांत ३३२ संबंधांचा नकाशा तयार केला. एका रोगासाठी जमवलेला संघ दुसऱ्या रोगाच्या वेळी हाताशी होता.

तेव्हा या योजनेचे मर्म रकमेच्या मोठेपणात नसून तिच्या सातत्यात आहे, असे आम्हास वाटते. संघ जमण्यास वर्षे लागतात. मोडण्यास एक पत्र पुरते. २०२५ साली अमेरिकन शासनाने एच.आय.व्ही. लसीवरील दोन मोठ्या संशोधनसंघांचे अनुदान पुढे न चालविण्याचा निर्णय घेतला. ते संघ येथे वर्णिलेल्या केंद्रांहून निराळे होते. परंतु त्यामुळे उपस्थित होणारा प्रश्न तोच आहे. अनुदानाचे मूल्यमापन पाच वर्षांच्या अहवालावरून करावयाचे, की ज्याची उपयुक्तता वीस वर्षांनी कळणार आहे अशा ज्ञानाच्या मापाने? व्हिफच्या इतिहासावरून पाहता पहिली कसोटी लावली असती, तर तो इतिहास अर्ध्यावरच संपला असता.