यंत्रास मुक्काम सांगण्याची कुळकथा

भंडाऱ्याहून पवनीस निघालेला मनुष्य मोटारीत बसतो, समोरच्या पडद्यावर गावाचे नाव अक्षरे दाबून लिहितो, आणि वैनगंगेच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे जाणारा रस्ता निळ्या रेषेने त्याच्यापुढे उमटतो. ही क्रिया निमिषमात्राची असली, तरी ती शक्य व्हावी म्हणून माणसांनी ठिकाणांना नाव, मोजमाप आणि अंक देण्याचा जो उद्योग कित्येक शतके केला, त्याचा काही मोलाचा भाग मराठी मुलखात आणि मराठी माणसाच्या हातून घडला आहे.

पडद्यावर 'गंतव्य' असा संस्कृत शब्द आला तरी आपल्या पत्रव्यवहारात रूढ झाला तो 'मुक्काम'. हा शब्द अरबी 'मकाम' वरून फारसीच्या द्वारे दप्तरात आला. 'तालुका' आणि 'जिल्हा' हेही त्याच वाटेने आले. या शब्दांनी आपल्या पत्त्याला जी शिस्त लावली, तीत प्रथम माणसाचे नाव, मग मुक्काम, पोस्ट, तालुका आणि शेवटी जिल्हा असा क्रम असतो. म्हणजे उंबरठ्यापासून निघून आपण बाहेर बाहेर जातो. मोटारीतील वाट दाखविणारी जुनी यंत्रे याच्या नेमके उलट विचारीत: आधी देश, मग शहर, मग रस्ता आणि सर्वांत शेवटी घर.

स्थळाची बिनचूक नोंद ठेवण्याची वृत्ती मात्र या दप्तरी शब्दांइतकी नवी नाही. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींचा संचार ज्या ज्या ठिकाणी झाला, त्यांत भंडाराही होते, आणि त्यांचे शिष्य नीळभट्ट भांडारेकर यांच्या नावातच हे गाव कायमचे राहिले. पुढे स्वामींच्या महानुभाव पंथीयांनी 'स्थानपोथी' रचली, तीत स्वामींच्या वास्तव्याची स्थळे, देवळांची तोंडे कोणत्या दिशेस, कोणते स्थान कोणाच्या कोणत्या बाजूस, हे सारे श्रद्धेने टिपून ठेवले. कारण ज्यास त्या स्थळी जावयाचे आहे, त्याची वाट चुकू नये ही त्यांची तळमळ होती.

स्थळ शब्दांनी सांगण्याऐवजी अंकांनी बिनचूक सांगण्याच्या कामास इकडे मोठी चालना मिळाली ती इंग्रज मोजणीदार विल्यम लॅम्बटन यांच्या मोजणीने. 1802 साली मद्रासेत आधाररेषा मोजून त्यांनी त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत उत्तरेकडे जी वाटचाल केली, ती 1823 साली नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटी त्यांच्या देहावसानाने थांबली, आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ती तडीस नेली. भंडारा शहर सुमारे 21 अंश 10 कला उत्तर अक्षांशावर आणि 79 अंश 39 कला पूर्व रेखांशावर आहे, असे जे आज आपण सहज म्हणतो, त्याच्या मुळाशी अशा मोजणीदारांचे कष्ट आहेत.

परंतु अक्षांश-रेखांश काही सामान्य माणसाच्या तोंडी बसत नाहीत. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी 15 ऑगस्ट 1972 पासून लागू झालेली पिन कोडची सहा अंकी पद्धत घडविली, ती टपालाच्या अडचणीवर उपाय म्हणून. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या आणि अस्पष्ट अक्षर यांमुळे टपाल भरकटत असे; तेव्हा त्यांनी पहिल्या अंकाने विभाग, दुसऱ्याने उपविभाग, तिसऱ्याने वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटच्या तिहींनी टपाल कचेरी दर्शविली. भंडाऱ्याचा 441904 हा अंक म्हणजे बाहेरून आत येणारा पत्ताच होय.

मोटारीच्या यंत्राचा वंश याहून धाकटा. होंडा कंपनीच्या 1981 मधील यंत्रात पारदर्शक नकाशा घालून आपले स्थान आपणच जुळवावे लागे, आणि मुक्काम सांगण्याची सोयच नव्हती. 1985 मध्ये कॅलिफोर्नियात निघालेल्या एटॅक यंत्रात नकाशे कॅसेटवर असत आणि चाकांच्या फेऱ्या व होकायंत्र यांवरून गाडीची जागा ठरे. मुक्कामाचा पत्ता त्यास सांगता येई, पण वळणे चालकानेच निवडायची असत. पुढे अमेरिकेच्या उपग्रहांची जीपीएस व्यवस्था 1995 मध्ये पूर्ण झाली, आणि मे 2000 मध्ये नागरी संदेशांतील मुद्दाम ठेवलेली अशुद्धता काढून टाकल्यावर ही विद्या सर्वांच्या हाती आली. उपग्रहांच्या संदेशांवरून केवळ 'तू येथे आहेस' एवढेच कळते. नावाचे स्थानांकात रूपांतर यंत्रातील यादी करते, आणि वाट शोधण्याचे काम संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी 1959 साली प्रसिद्ध केलेल्या लघुतम मार्गाच्या रीतीसारख्या गणिताने होते.

म्हणूनच सारा भार येऊन पडतो तो नावावर. 'भंडारा' एवढेच लिहिले, तर आपले जिल्ह्याचे गावही निघेल आणि तुकोबांच्या चिंतनाने पावन झालेला पुणे जिल्ह्यातील भंडारा डोंगरही निघेल. 'भंडारा रोड' लिहिले, तर शहरापासून दूर वरठी येथे असलेल्या रेल्वे स्थानकावर आपण पोहोचू. पवनी हे नाव तर रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते, आणि ज्या तऱ्हेची नोंद यादीत नाही, ती लिहिणारा पाहुणा त्या प्राचीन नगरीच्या वेशीबाहेरच राहतो.

स्थानपोथीकारांनी जी दक्षता श्रद्धेपोटी घेतली, ती आज आपण आपल्या गावांसाठी घेतली पाहिजे. पाहुण्याला पत्ता देताना गाव, तालुका, जिल्हा आणि पिन कोड पूर्ण सांगावा; शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि एसटीच्या थांब्याच्या पाटीवर गावाचे नाव शुद्ध देवनागरीत लिहावे, आणि त्याचे रोमन रूप सर्वत्र एकच ठेवावे; नकाशात आपल्या गावाचे नाव चुकले असेल, तर ते दुरुस्त करून घ्यावे. यंत्राला वाट ठाऊक असते, पण गावाचे नाव त्याला गावकऱ्यांनीच शिकवावे लागते.