विरार लोकल, गमावलेला पाय आणि समदुःखितांची सोबत

१/ १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅक बे अशी पहिली लोकल धावली. १९३६ मध्ये विद्युतीकरण विरारपर्यंत पोहोचले. वसई-विरारचा संसार या रुळांवर उभा राहिला आणि याच रुळांवर कित्येकांनी हातपाय गमावले. अवयव गमावलेल्याचे मन कोणी सावरायचे? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

२/ अमेरिकी यादवी युद्धातील जखमींवर उपचार करणारे डॉ. सायलस वीअर मिचेल यांनी १८७१ मध्ये 'आभासी अवयव' ही संज्ञा रूढ केली. कापलेला पाय दुखतो, नसलेली बोटे खाजतात. लोक वेडा ठरवतील, या भीतीने अनेक जण ही वेदना मनातच ठेवत.

३/ पहिल्या महायुद्धातून विकलांग होऊन परतलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ मध्ये लेडी विलिंग्डन यांनी मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल काढले. पुढे ते खडकीला गेले. उद्देश होता हाताला काम देण्याचा. पण त्यामुळे समदुःखी माणसे एका छताखाली आली.

४/ कॅनडात १९१८ पासून अवयव गमावलेले सैनिक स्वतःच संघटित झाले. त्यातून आजची 'वॉर अँप्स' उभी राहिली. अनुभवी सोबत्याने नवख्याला धीर द्यावा, हे तिचे सूत्र. ब्रिटनमध्ये १९३२ मध्ये 'ब्लेस्मा' आली.

५/ इकडे पुण्यात १९४४ मध्ये सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र, तर १९५५ मध्ये मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली. १९६८ मध्ये 'जयपूर फूट' आला. पाय मिळण्याची सोय वाढत गेली.

६/ परंतु पाय बसवला म्हणजे मन बसले, असे होत नाही. "माझीही नसलेली बोटे खाजतात," हे वाक्य डॉक्टरपेक्षा समोर बसलेल्या समदुःखिताच्या तोंडून अधिक खरे वाटते. जखमेची निगा, पहिली पडझड, लोकांच्या नजरा, घरच्यांची अतिकाळजी, गेलेली नोकरी: गटात या गोष्टी लाजेविना बोलता येतात.

७/ वसई-विरारच्या रुग्णाला हाजी अलीला जायचे, तर महालक्ष्मीपर्यंत बहुधा लोकलच धरावी लागते. ज्या गाडीने पाय नेला, तिच्याच फलाटावर पुन्हा उभे राहायचे! ती भीती काढण्याचे यंत्र कोणत्याही कार्यशाळेत घडत नाही. तेथे सोबत लागते, ती आधी त्या फलाटावरून गेलेल्याची.

८/ म्हणूनच कृत्रिम अवयवांच्या शिबिरात मोजमाप घेतानाच अशा गटाचीही जागा ठरली पाहिजे. शिबिर दोन दिवसांत उठते. गट मात्र पुढच्या महिन्यातही भेटतो.

(समाप्त)