खाणीची माती आणि गावाचे उत्तर

गोमंतकाच्या इतिहासाचा विचार करताना राज्यसत्तांच्या उदयास्ताकडे आम्ही जितके लक्ष पुरवितो, तितके गावच्या जमिनीकडे व पाण्याकडे पुरवीत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोली, सत्तरी व पेडणे हे मुलूख पोर्तुगिजांच्या हाती जाऊन नव्या काबिजादींत मोडू लागले, हे विद्यार्थ्यांसही ठाऊक असते. त्याच डिचोली तालुक्यातील पाळी आणि तिच्या आसपासच्या गावांचे डोंगर विसाव्या शतकात पोखरले गेले, तेव्हा गावांनी काय केले, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

या प्रदेशाची जुनी शेती पाण्याच्या शिस्तीवर उभी होती. पावसाळ्यात सरद आणि तो सरल्यावर डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्यावर वायंगण, असा तिचा क्रम असे. पावसाचे पाणी पोटात धरून उन्हाळ्यापर्यंत हळूहळू सोडणारा डोंगर हाच गावचा तलाव होता. त्या पाण्याचे बांध आणि पाट राखणे हे एकट्या कुळाचे काम नव्हते. ते साऱ्या गावाचे होते.

१९०६ च्या पोर्तुगीज खाणकायद्याने डोंगरातील खनिजावर मुदतीविना हक्क देण्याची वाट मोकळी केली. लोहखनिजाची पहिली निर्यात १९४७ साली झाली. पुढे युद्धातून सावरणाऱ्या जपानच्या पोलादधंद्याने मागणी वाढविली. खनिज ट्रकांनी नदीकाठी आणि तेथून बार्जांतून मुरगाव बंदराकडे जाऊ लागले. एक टन खनिजामागे सुमारे अडीच ते तीन टन माती उपसावी लागते. तिचे ढीग डोंगरउतारावर साचले, आणि पावसाने ती व्हाळांतून वाहून शेतात उतरली. खाणींच्या खोलीबरोबर विहिरींचे पाणीही खाली गेले.

गावांनी दिलेले पहिले उत्तर नुकसानभरपाईचे होते. गाळ साचलेल्या शेताबद्दल खाणमालकाने दरसाल काही रक्कम द्यावी, असा रिवाज पडला. आमच्या मते या इतिहासाचे खरे वळण येथेच आहे. गाळ उपसून बांध पुन्हा घालण्याऐवजी हानीचे मोल ठरविण्याची सवय लागली. शेत पिकाचे साधन न राहता मागणीचा आधार बनले. जे दुःख सामुदायिक होते, त्याचा हिशेब घरटी होऊ लागला.

दुसरे उत्तर रस्त्यावर दिले गेले. लाल धूळ घरांवर बसू लागली, तेव्हा लोकांनी ट्रक अडविले. परंतु अडविलेला ट्रक पुष्कळदा शेजाऱ्याच्याच मुलाने कर्ज काढून घेतलेला असे. म्हणून या गावांच्या मौनास भ्याडपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या धुळीने खोकला येत होता, तिच्यावरच चूलही पेटत होती.

तिसरे उत्तर न्यायालयाचे. शिरगावच्या शेतकऱ्यांनी आटलेल्या पाण्याबद्दल उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबविल्या. गोवा फाउंडेशनच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली वार्षिक उत्खननास दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि २०१८ साली ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. ट्रक गंजले, कर्जे उरली; पण व्हाळांतील गाळ आपोआप निघाला नाही. पुढे लिलाव होऊन २०२४ साली खाणकाम पुन्हा सुरू झाले.

निवाडा खाण बंद करू शकतो. बांध घालण्यास गावच लागते. जुन्या गावकरी संस्थेत दोष होते, तिच्यात सर्वांस सारखे स्थान नव्हते, हे आम्ही विसरत नाही. तरीही पाणी हे साऱ्यांनी मिळून राखावयाचे असते, ही तिची शिकवण टाकाऊ नव्हे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस सनावळीबरोबर गावचे व्हाळ, विहिरी व शेते यांची स्थित्यंतरे वृद्धांच्या तोंडून टिपण्यास लावावे. वायंगण पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. तिची साक्ष घेण्यास उशीर होता कामा नये.