बल्बवरची तारीख



नवा बल्ब लावताना मी त्याच्या बुडाशी मार्करने तारीख लिहिते. घरातले हसतात. हसू देत, माझ्या कॉमर्सचा एवढाच उपयोग आता उरलाय! परवा ओसरीवरच्या बंद काचेतला एलईडी गेला. तारीख पाहिली तर जेमतेम 14 महिने. खोक्यावर मात्र 25,000 तास. रोज 5 तास धरले तरी साडेतेरा वर्षे व्हायला हवी होती. मग हा हिशेब चुकतो कुठे?

बल्बच्या आयुष्याचा घोळ जुनाच आहे. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावी अग्निशमन केंद्रात 1901 साली लावलेला दिवा अजून मिणमिणतो आहे. उलट 1924 च्या डिसेंबरमध्ये ओसराम, फिलिप्स अशा मोठ्या कंपन्या जिनिव्हात एकत्र आल्या आणि बल्ब 1,000 तासच चालावा असे ठरवून बसल्या. कोणाचा जास्त टिकला तर त्या कंपनीलाच दंड! ‘फीबस’ नावाचा हा करार दुसऱ्या महायुद्धात मोडला. तार जास्त तापवली की उजेड वाढतो आणि आयुष्य घटते, ही त्यांची सबब अगदीच खोटी नव्हती. पण दंड कशाला?

आपल्याकडे एलईडी घरोघरी आला तो 2015 च्या ‘उजाला’ योजनेमुळे. 2014 मध्ये सरकारी खरेदीत एक बल्ब 310 रुपयांना पडायचा, तो 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. देशभर 36 कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. 60 वॅटचे काम 9 वॅटवर आले, हा फायदा खराच.

आता ते 25,000 तास. सलग जाळले तरी 2 वर्षे 10 महिने लागतात. तेवढे थांबायला वेळ कोणाला? काही हजार तास तपासतात आणि पुढचे आकडेमोडीने काढतात. तेही आतल्या उजेड देणाऱ्या चिपचे, तिचा उजेड 70 टक्क्यांवर येईपर्यंतचे. बल्ब मरतो तो बहुधा बुडातल्या सर्किटमुळे. त्यातला कपॅसिटर उष्णतेने सुकतो. 10 अंश तापमान वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. आपल्या अल्लीपूरचा मे महिना, वरून पत्रा आणि भोवती बंद काच, मग काय होणार?

स्वयंपाकघरातला उघडा बल्ब 2017 चा आहे, अजून ठणठणीत. पण त्याचे फार कौतुक नको. आपले जेवण सूर्यास्ताआधी आटोपते, तो जळतोच किती!

ओसरीची काच काढून टाका, असे मुलगा म्हणाला. हवा खेळेल हे खरे, पण चातुर्मासात दिव्यावर झेपावणारे जीव मरू नयेत म्हणूनच तर ती लावली होती. काच ठेवली. आत 9 ऐवजी 5 वॅटचा बल्ब लावला, तेवढीच उष्णता कमी. उजेड थोडा कमी पडतो, पण चपला दिसतात. तारीख लिहिली आहे.