मोटारसायकल : इंजिन ऑइलची तपासणी व नेहमीची देखभाल

चार-स्ट्रोक मोटारसायकलीच्या इंजिनातील ऑइलची पातळी व स्थिती पाहणे, ते ठरावीक अंतराने बदलणे आणि चेन, टायर, ब्रेक, एअर फिल्टर व स्पार्क प्लग यांची निगा राखणे ही कामे या देखभालीत मोडतात. पुढील वर्णन भारतातील १०० ते १५० सीसी क्षमतेच्या, हवेने थंड होणाऱ्या एक-सिलिंडर गाड्यांना धरून आहे.

पार्श्वभूमी : राजदूत, येझदी यांसारख्या दोन-स्ट्रोक गाड्यांत ऑइल पेट्रोलबरोबर सिलिंडरमध्ये जाऊन जळत असे. बुलेट चार-स्ट्रोक होती. परंतु तिच्या जुन्या रचनेत इंजिन, गिअरबॉक्स व क्लच यांना वेगवेगळे ऑइल लागे. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी १०० पासून चार-स्ट्रोक गाड्या घरोघरी पोहोचल्या. पुण्याच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये आणलेली पल्सरही याच प्रकारची. या गाड्यांत साधारण एक लिटर ऑइल पिस्टन, गिअर व क्लच या तिन्हींना वंगण पुरवते, उष्णता वाहून नेते आणि झिजेचे कण धरून ठेवते. यांपैकी बहुतेक गाड्यांना ऑइल कमी झाल्याची सूचना देणारा दिवा नसतो. त्यामुळे मालकाने स्वतः केलेली तपासणी हाच इंजिनाचा खरा बचाव ठरतो.

ऑइलची निवड : डब्यावरील १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० या खुणा ऑइलचा दाटपणा सांगतात. पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणाचा, दुसरा १०० अंश सेल्सिअसला असलेल्या दाटपणाचा. क्लचच्या प्लेटा ऑइलमध्येच बुडालेल्या असल्याने ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही खूण पाहणे आवश्यक असते. मोटारींच्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. त्यांनी क्लच घसरू शकतो. ‘एमबी’ खुणेचे ऑइल गिअर नसलेल्या स्कूटरांसाठी असते.

पातळीची तपासणी : गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावावी. साइड स्टँडवर गाडी कलते आणि पातळी चुकीची दिसते. इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करावे व ऑइल खाली उतरेपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबावे. मग डिपस्टिक काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पुन्हा आत घालून बाहेर काढावी आणि ऑइल वरच्या व खालच्या खुणांच्या दरम्यान आहे का ते पाहावे. अनेक गाड्यांत ही डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. आपल्या गाडीची पद्धत माहितीपुस्तिकेत पाहावी. काही गाड्यांत डिपस्टिकऐवजी काचेची खिडकी असते. ऑइल कमी असल्यास थोडे थोडे ओतावे. वरच्या खुणेपलीकडे भरल्यास इंजिनावर भार पडतो आणि ऑइल एअर फिल्टरकडे जाऊ शकते.

ऑइल काळे पडणे नैसर्गिक आहे. ते दुधट दिसल्यास पाणी शिरलेले असते, पेट्रोलचा वास आल्यास इंधन मिसळलेले असते, तर धातूचा चुरा आतली झीज दाखवतो. ऑइल वारंवार कमी होत असेल व धूर निळसर येत असेल, तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील तपासून घ्यावेत.

ऑइल बदलणे : नव्या गाडीचे पहिले ऑइल ५०० ते १,००० किमी दरम्यान बदलतात, पुढचे अंतर गाडीनुसार ठरते. इंजिन कोमट असताना खालचा ड्रेन बोल्ट सोडून ऑइल पूर्ण गळू द्यावे, वॉशर तपासावा आणि बोल्ट बेताने आवळावा. अति आवळल्यास आटे जातात. पल्सरसारख्या गाड्यांत कागदी ऑइल फिल्टर बदलावा लागतो, तर स्प्लेंडरच्या इंजिनात जाळी व चक्राकार फिरून गाळणारा फिल्टर साफ करतात. नवे ऑइल भरून, इंजिन थोडा वेळ चालवून पातळी पुन्हा पाहावी.

इतर देखभाल : चेन मधोमध वरखाली हलवल्यास साधारण २० ते ३० मिमी हलली पाहिजे. फार ताणलेली चेन बेअरिंग खाते, ढिली चेन निसटते. टायरमधील हवा टायर थंड असताना तपासावी. मागे कोणी बसणार असल्यास मागच्या टायरचा दाब वाढवावा. डिस्क ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते मुदतीत बदलतात. स्पंजचा एअर फिल्टर धुता येतो. तेलकट कागदी फिल्टर मात्र धुऊ किंवा फुंकू नये, तो बदलावा. क्लचच्या तरफेला थोडा मोकळा खेळ नसेल तर प्लेटा लवकर झिजतात.

पावसाळ्यातील काळजी : कोकणात व घाटमाथ्यावर चेन वारंवार कोरडी पडते, धुतल्यावर तिला पुन्हा ऑइल द्यावे. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असल्यास ती सुरू करून पाहू नये. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

वापरलेले ऑइल : २०१६ च्या घातक कचराविषयक नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश होतो. ते गटारात, शेतात किंवा चुलीत टाकू नये. झाकणबंद डब्यात साठवून, अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे ते पोहोचवणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे सोपवावे.