नागरी पट्टा रेडिओ

सामान्य नागरिकांना थोड्या अंतरावरील परस्पर संभाषणासाठी राखून ठेवलेल्या कंप्रतांवर चालणारी द्विमार्गी बिनतारी संदेशवहन पद्धती. तिच्यासाठी बहुतेक देशांत २७ मेगॅहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा वापरला जातो. या पट्ट्यातील तरंगांची लांबी सुमारे ११ मी. असते. या पद्धतीत मध्यवर्ती केंद्र, मनोरा किंवा तारांचे जाळे लागत नाही. एक संच दुसऱ्या संचाशी थेट बोलतो. एका वाहिनीवर एका वेळी एकालाच बोलता येते, मात्र ते आवाक्यातील सर्वांना ऐकू येते. या दोन गुणांमुळे लांबच्या मार्गांवरील मालमोटारींत ही पद्धती विशेष रुजली. भारतात ती रुजली नाही. त्यामागील कारणे यंत्रापेक्षा कायद्यात आणि भूरचनेत अधिक आहेत.

इतिहास : चालत्या वाहनात रेडिओचा वापर पोलिसांनी लवकर सुरू केला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) डिट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये मोटारींत ग्राही बसविले, पण मोटारीतून उत्तर देता येत नसे. न्यू जर्सीतील बेयॉन येथे १९३३ मध्ये द्विमार्गी संच वापरात आले. दुसऱ्या महायुद्धात हाती धरण्याजोगे संच मोठ्या प्रमाणावर तयार झाले आणि युद्धोत्तर काळात असे साधन सामान्य माणसाच्या हाती द्यावे, हा विचार पुढे आला. त्यानुसार १९४५ मध्ये अ. सं. सं.च्या संदेशवहन आयोगाने नागरिकांसाठी वेगळी रेडिओ सेवा निर्माण करण्याचा निर्णय घेतला. तिला प्रथम दिलेल्या ४६० ते ४७० मेगॅहर्ट्‌झ या उच्च कंप्रतांचे संच महाग होते, म्हणून तिचा प्रसार झाला नाही. १९५८ मध्ये २७ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात २३ वाहिन्या खुल्या झाल्या आणि स्वस्त संच बाजारात येऊ लागले.

या साधनाला खरी लोकप्रियता १९७३ च्या तेलटंचाईने दिली. इंधन वाचविण्यासाठी १९७४ मध्ये तेथील महामार्गांवर ताशी ५५ मैलांची (सुमारे ८९ किमी.) वेगमर्यादा आली. तेल कोठे मिळते, रस्ता कोठे अडला आहे आणि पोलीस कोठे उभे आहेत, हे मालमोटारींचे चालक एकमेकांना रेडिओवरून कळवू लागले. त्या काळातील चालकांच्या संपांतही हे संच उपयोगी पडले. लवकरच खाजगी मोटारींतही ते दिसू लागले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही टोपणनाव घेऊन हा रेडिओ वापरला. १ जानेवारी १९७७ पासून वाहिन्यांची संख्या ४० झाली. वापरणारे इतके वाढले की, प्रत्येकाला परवाना देणे अशक्य होऊन १९८३ मध्ये परवान्याची अटच रद्द करण्यात आली. ब्रिटनमध्ये आयात केलेले बेकायदा संच आधी पसरले आणि २ नोव्हेंबर १९८१ रोजी त्या वापराला कायदेशीर रूप मिळाले.

या सार्वजनिक संभाषणाला शिस्त आली ती संकेतांमुळे. मालमोटार चालकांनी १९ क्रमांकाची वाहिनी आपली मानली, तर ९ क्रमांकाची वाहिनी १९७० पासून संकटकाळासाठी राखीव झाली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ‘रिॲक्ट’ या संस्थेचे स्वयंसेवक संकटात सापडलेल्यांच्या हाका ऐकण्यासाठी संचापाशी बसत. वाहिनी राखीव ठेवण्याइतकेच तिच्यावर कोणीतरी कान देऊन बसणे महत्त्वाचे असते, हे या अनुभवातून सिद्ध झाले.

रचना व बसवणी : पिकअपसारख्या लहान मालवाहू मोटारीत संच चालकाच्या हाताशी, साधनफलकाखाली बसवितात. तो १२ व्होल्टच्या विद्युत् घटमालेवर चालतो. २४ व्होल्टची व्यवस्था असलेल्या जड मालमोटारीत विद्युत् दाब कमी करणारे साधन मध्ये घालावे लागते. तारा थेट घटमालेपासून आणून त्यांत वितळतार (फ्यूज) बसविल्यास एंजिनाच्या प्रज्वलनामुळे होणारी खरखर कमी होते आणि आगीचा धोकाही टळतो.

संचाहून आकाशकाचे (अँटेनाचे) महत्त्व अधिक आहे. तरंगलांबीच्या एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे २·७५ मी. लांबीचा आकाशक उत्तम ठरतो. पण तो वाहनावर गैरसोयीचा असल्याने तारेचे वेटोळे घालून त्याची लांबी कमी करतात. छताचा धातूचा पत्रा आकाशकाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचे कार्य करतो. म्हणून आकाशक छताच्या मध्यभागी बसविणे इष्ट असते. आकाशक संचाशी जुळलेला नसेल, तर प्रेषित ऊर्जेचा काही भाग उलट परततो आणि संचाची हानी होऊ शकते. हे परतणे स्थायी तरंग गुणोत्तराने मोजतात. पहिल्या वाहिनीवर हे गुणोत्तर शेवटच्या वाहिनीपेक्षा जास्त आल्यास आकाशक आखूड आहे असे समजून तो लांबवितात. उलट आढळल्यास आखूड करतात. बोलताना ध्वनिग्राहकावरील कळ दाबून धरतात व ऐकताना सोडतात. सपाट प्रदेशात वाहनावाहनांतील संभाषण काही किमी. अंतरापर्यंत होते, डोंगर आडवा आल्यास ते झपाट्याने क्षीण होते.

भारतातील स्थिती : भारतीय तार अधिनियम, १८८५ प्रमाणे तारसंदेशवहनाचा अनन्य अधिकार केंद्र सरकारकडे होता. भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ प्रमाणे बिनतारी साधन परवान्याशिवाय नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरत असे. अमेरिकी महामार्गांवर चालकांचे संभाषण रंगात आले होते, त्या काळात भारतीय चालकाला ही मुभा नव्हती. हौशी रेडिओ सेवेसाठी परीक्षा द्यावी लागते आणि व्यापारी संदेशांना तीत स्थान नाही. २००१ च्या भूज भूकंपात हौशी प्रेषकांनी मोलाचे कार्य केले असले, तरी मालवाहतुकीला या सेवेचा उपयोग होण्यासारखा नव्हता.

२००५ मध्ये केंद्र सरकारने २६·९५७ ते २७·२८३ मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा परवानामुक्त केला. अमेरिकी पद्धतीच्या ४० वाहिन्यांपैकी पहिल्या २७ वाहिन्यांच्या मध्यकंप्रता या पट्ट्यात येतात. परंतु प्रेषणशक्ती ५ वॉटपर्यंत आणि आकाशक संचातच अंतर्भूत, अशी या सवलतीची मर्यादा होती. छतावर स्वतंत्र आकाशक लावलेला वाहनातील संच तीत बसत नाही, आणि वाहनाच्या लोखंडी कोठडीत हाती धरलेल्या संचाचा आवाका तोकडा पडतो. शिवाय ३१ जुलै १९९५ रोजी भारतात भ्रमणध्वनी सेवा सुरू होऊन गेली होती; तिचा झपाट्याने प्रसार झाल्यावर अशा रेडिओची मागणीच उरली नाही. जुन्या दोन्ही अधिनियमांची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम संसदेने २०२३ मध्ये संमत केला व २०२४ पासून त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली.

सावर्डे परिसर : या इतिहासाचा अर्थ रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात स्पष्टपणे दिसतो. सावर्डे हे गाव चिपळूणच्या दक्षिणेस मुंबई–गोवा महामार्गावर वसले असून कोकण रेल्वेचे स्थानकही तेथे आहे. चिपळूण व सावर्डे यांच्या दरम्यान कामथे घाट आहे; चिपळूणच्या उत्तरेस परशुराम घाट लागतो. दरडी, पूर व रस्त्याची कामे यांमुळे या मार्गावर वाहतूक वारंवार खोळंबते. या पट्ट्यात रेल्वेचे चालक, गार्ड व स्थानक अधिकारी आपापसांत बिनतारी संचांवर बोलतात. पोलिसांची स्वतंत्र बिनतारी यंत्रणा आहे. याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील नौकांना समुद्रात १५६·८ मेगॅहर्ट्‌झ ही आंतरराष्ट्रीय संकटवाहिनी उपलब्ध आहे. महामार्गावरील मालमोटारीला मात्र अशी सामाईक वाहिनी नाही. तिची सारी भिस्त भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांवर असते.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी व शिव नद्यांच्या पुराने चिपळूण शहर जलमय झाले. वाशिष्ठीच्या वाढत्या पातळीमुळे चिपळूण व कामथे स्थानकांदरम्यानची रेल्वे वाहतूक थांबवावी लागली. महामार्गावरील जुन्या पुलाची हानी होऊन रस्ताही तुटला. वीज गेली आणि भ्रमणध्वनी सेवा कोलमडली. ज्या साधनाने थेट संभाषणाची गरज संपविली असे वाटत होते, तेच साधन नेमक्या गरजेच्या वेळी मुके झाले. मनोऱ्यावर अवलंबून नसलेल्या संभाषणाचे मोल अशा वेळी कळते.

तथापि केवळ संच बसविल्याने हे मोल हाती आले असते, असे म्हणता येत नाही. घाटांच्या या प्रदेशात २७ मेगॅहर्ट्‌झच्या तरंगांना डोंगर अडवितात. एका खोऱ्यातील हाक पुढल्या खोऱ्यात पोहोचण्यासाठी उंचीवर पुनःप्रेषक किंवा निरोप पुढे देणारा मनुष्य लागतो. ठरलेली वाहिनी, तिच्यावर बोलण्याची शिस्त आणि ती ऐकत राहणारी माणसे या तीन गोष्टी आधीपासून सिद्ध असतील, तरच असा रेडिओ आपत्तीत उपयोगी पडतो. अ. सं. सं.त त्या लोकांच्या सवयीतून निर्माण झाल्या. भारतात त्या सवयीला वाव मिळण्यापूर्वीच भ्रमणध्वनी आला.