बंद डावीकडे की उजवीकडे?

शिवजयंती जवळ आली की आमच्या धाराशिव जिल्ह्यात दोन प्रकारचे ऐतिहासिक पोशाख भाड्याने मिळतात. एक 'मावळा' आणि दुसरा 'खान'. मावळ्याचा पांढरा किंवा भगवा, छातीवर जरीची पट्टी, पाठीला वेल्क्रो. खानाचा हिरवा, काळ्या किनारीचा, सोबत इलॅस्टिकची दाढी. दोन्ही चकचकीत साटिनचे, आणि फेब्रुवारीतल्या दुपारच्या उन्हातही दोन्हींमध्ये सारखाच घाम येतो. हे कपडे आपल्याकडे आले ते भालजी पेंढारकरांचे चित्रपट, कॅलेंडरवरची चित्रं आणि 'जाणता राजा'सारखी महानाट्यं यांच्या वाटेनं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पात्र ओळखू यावं लागतं, ही रंगमंचाची गरज आहे. पण १६१३ साली नळदुर्गाच्या तटावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर नेमकं काय होतं, या प्रश्नाचं उत्तर त्या दुकानात मिळत नाही.

१६१३ हे साल आम्ही ठरवून घेतलं. आम्ही सातजण मित्र हिवाळ्यातल्या रविवारी नळदुर्ग किल्ल्यात लोकांना फिरवतो. गेल्या वर्षी ठरलं की काळाला साजेसे कपडे घालून फिरवायचं. किल्ल्यातली सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये, मीर महंमद इमादीन यानं तो बांधला. पावसाळ्यात बंधारा भरला की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि आतल्या सज्जात उभं राहून ते बघता येतं. अभियांत्रिकीची पदवी गटात माझ्या एकट्याकडे, म्हणून मीरची भूमिका माझ्याकडे आली. (पदवी संगणकाची आहे. कॉलेजात स्थापत्य विभाग आमच्या शेजारच्या इमारतीत होता, तेवढाच माझा धरणाशी संबंध.) दुसरं पात्र हिशेब ठेवणाऱ्या मराठी कारकुनाचं. हे पात्र आम्ही उगाच घातलेलं नाही. पहिल्या इब्राहिम आदिलशहानं सोळाव्या शतकातच महसुलाच्या दप्तरातून फारसी काढून देशी भाषा आणली होती. विजापूरच्या राज्यात दगड कोणीही रचला तरी त्याचा हिशेब मराठी माणसाच्या हातून जायचा.

आता कपडे. (सतरावं शतक 'मध्ययुगीन' कसं, असं कोणी विचारतं. आपल्याकडे इतिहासाच्या विभागणीत ते मध्ययुगातच धरतात, वाद नको.) त्या काळातल्या दख्खनी पुरुषाचा मुख्य पोशाख जामा. वर अंगाला घट्ट बसणारा, छातीवर एकावर एक येणारे दोन पदर, काखेखाली बंद, कमरेपासून खाली घेर, बाह्या लांब आणि मनगटावर चुण्या पडणाऱ्या. खाली तुमान, कमरेला पटका, डोक्याला पागोटं. दुसऱ्या इब्राहिमाच्या काळातली विजापुरी चित्रं आज लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत विखुरलेली आहेत. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं दख्खनच्या सुलतानांवर मोठं प्रदर्शन भरवलं होतं. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ही चित्रं इतकी मोठी करून बघता येतात की शिवणी मोजाव्यात. मी मोजल्या. त्यांत सुलतान हिरव्या साटिनमध्ये नाही. पुष्कळ चित्रांत तो आणि त्याचे दरबारी पांढऱ्या, पारदर्शक मलमलीत आहेत. आतली रंगीत तुमान बाहेरून दिसते.

जामा कसा बेतायचा याचा हिशेब मात्र अबुल फजलनं लिहून ठेवला आहे, तोही मुघल दरबारातला. 'आईन-ए-अकबरी'त टकौचिया नावाच्या बिनअस्तरी अंगरख्याची नोंद आहे. कापड सात गज सात गिरह, किनारीला पाच गिरह, साध्या शिलाईची मजुरी एक ते तीन रुपये. बादशहाच्या कारभाराचा एवढा मोठा ग्रंथ आणि त्यात शिंप्याची मजुरी. हे वाचून मला अबुल फजल एकदम आपला वाटायला लागला. त्याच नोंदीत आणखी एक वाक्य आहे, त्याकडे पुढे येतो.

घेराची गंमत कळ्यांमध्ये असते. आजचा शिंपी घेरासाठी गोल कापतो, त्यात कोपरे वाया जातात. मागावरचं कापड महाग असताना असं कोणी करत नसे. वर अरुंद, खाली रुंद अशा लांब कळ्या एक सुलटी, एक उलटी अशा शेजारी ठेवून कापायच्या. मी ४४ इंच पन्ह्यावर मांडणी केली. कळी वर ३ इंच, खाली ११ इंच, लांबी ४२ इंच. सुलट-उलट जोडीला १४ इंच लागतात, तीन जोड्यांना ४२, म्हणजे वाया गेले फक्त २ इंच. त्या पट्टीचेच बंद होतात. एका लांबीत सहा कळ्या, अशा चार लांब्यांत चोवीस. शिवणीत दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच गेला की कंबर ४८ इंच उरते. ३४ इंच कमरेवर एक पदर दुसऱ्याखाली जाण्यापुरती ती बरोब्बर होते. खालचा घेर २४० इंच, म्हणजे वीस फूट. दिवसभर ऑफिसात कमी जागेत जास्त माहिती कशी बसवायची याचीच डोकेफोड करत असल्यामुळे ही मांडणी बघून मला फार बरं वाटलं. चारशे वर्षांपूर्वीच्या शिंप्यानं हे कागदाशिवाय केलं होतं.

शिवणं हा मात्र वेगळा मामला. चोवीस कळ्यांच्या तेवीस शिवणी, प्रत्येकी ४२ इंच, म्हणजे साधारण साडेचोवीस मीटर. इंचाला आठ टाके धरले तर पावणेआठ हजार. मलमल उसवते, म्हणून धावदोऱ्यानंतर कडा दुमडून पुन्हा तुरपाई करायची, म्हणजे आकडा दुप्पट. रोज संध्याकाळी एक शिवण, असे तेवीस दिवस फक्त घेराला लागले. बाही आणि काखेतली चौकोनी ठिगळं राहिलीच. ते ठिगळ नसेल तर हात वर करताच जामा कमरेपासून उचलला जातो. तलवार उगारणाऱ्या माणसाला ते परवडणारं नव्हतं, आणि बंधाऱ्याकडे बोट दाखवणाऱ्या मलाही.

कापडाची कथा जरा कडू आहे. आमच्याच जिल्ह्यातलं तेर हे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात लिहिलंय की तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जायची. तिथून ती जहाजानं पश्चिमेला जाई. तेरच्या संग्रहालयात गेलात तर त्या व्यापाराच्या खुणा काचेआड बघायला मिळतात. आणि मला धाराशिवमध्ये एका जाम्यापुरती हातमागाची मलमल मिळाली नाही. शेवटी बंगालची मलमल खादी मागवली. तुमानीचं जाड कापड तेवढं नांदेडच्या खादीतलं. ज्या नांदेडात खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात तिथलं कापड अंगावर आहे, एवढं समाधान.

पटका रंगवायला मात्र घरचंच मिळालं. करडई. आमच्या भागात सोयाबीननं करडईला मागे सारलं, तरी बांधाबांधानं ती अजून आहे. तिच्या फुलात दोन रंग असतात. पिवळा पाण्यात विरघळतो; फुलं धूत राहायची, पाणी नितळ येईपर्यंत. मग सोड्यासारख्या क्षारात लाल रंग उतरवायचा आणि लिंबू पिळून तो कापडावर बसवायचा. लिंबू पडताच काळपट वाटणारं पाणी गुलाबी होतं. हाच कुसुंबी रंग. तो उन्हात उडतो, म्हणून जुन्या काळी हौसेची माणसं पुन्हा पुन्हा रंगवून घेत.

कापड, कळ्या, रंग जमले, पण छातीवर दोन पदर नीट बसेनात. यूट्यूबवर उत्तर नव्हतं. ते सापडलं सोलापुरात. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर चालणारी माणसं पांढरी बाराबंदी घालतात. हा कपडा नावापासूनच बंदांचा, आणि तो शिवणारे शिंपी आजही आहेत. म्हणजे जाम्याचा वरचा निम्मा भाग आमच्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर दरवर्षी शिवला जातोय आणि आम्ही तो न्यूयॉर्कच्या संकेतस्थळावर शोधत होतो. ज्या मास्तरांकडे गेलो त्यांनी चित्र बघितलं, माझा कच्चा बेत बोटांनी चाचपला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बंद डावीकडं का उजवीकडं, मालक?"

प्रश्न साधा नाही. त्या काळी हिंदू जामा डाव्या काखेखाली बांधत आणि मुसलमान उजव्या, असा प्रघात होता. सतराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी त्याची नोंद केलेली आहे. बेत तोच, कापड तेच, कळ्या तितक्याच; ओळख फक्त गाठीच्या बाजूवर. आणि अबुल फजलचं ते राहिलेलं वाक्य असं की टकौचिया आधी डावीकडे बांधत, बादशहानं तो उजवीकडे बांधायचा हुकूम केला. म्हणजे ही खूणही हुकमानं फिरवता येणारी होती.

गटात यावरून वाजलं. मीर आणि कारकून दोघंही पांढऱ्या मलमलीत उभे राहणार म्हटल्यावर एकानं विचारलं, "मग लोकांना कळणार कसं, आपला कोण?" वर्गणी देणाऱ्या एका गृहस्थांनी तर सांगितलं की खान हिरवाच हवा, नाहीतर पैसे मिळणार नाहीत. मी त्यांना म्हणालो, १६१३ साली या किल्ल्यात दोघंही विजापूरचाच पगार खात होते. पुढे शहाजीराजेही त्याच दरबारात मानाचे सरदार होते. १६५९ ला अफजलखान आमच्या तुळजापूरवरून गेला. त्यानं देवीला उपद्रव दिल्याचं सभासद बखर सांगते आणि ते इथे कोणी विसरलेलं नाही, विसरूही नये. पण त्याच खानाच्या फौजेत मराठे सरदार होते, त्याचा वकील कृष्णाजी भास्कर होता, आणि महाराजांच्या बाजूला सिद्दी इब्राहिम होता. प्रतापगडाखाली त्या दिवशी कपड्याच्या रंगावरून बाजू ओळखायला गेलेला माणस फसला असता. हिरवा मीर उभा केला तर ते फसणं आपण शाळेतल्या पोरांना शिकवणार. वर्गणी आम्ही सोडली.

आमच्या जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदललं. मला धाराशिव हे जुनं नाव आवडतं, आजीच्या तोंडी तेच होतं. तिच्याच पेटीत आजोबांचा निजामी काळातला फोटो आहे, शेरवानी आणि टोपीतला. बघणाऱ्याला नाव सांगितल्याशिवाय ते कोण हे कळत नाही. पाटीवरचं नाव बदलायला राजपत्र पुरतं. फोटोतली शेरवानी आहे तशी ठेवावी लागते.

मास्तरांना मी सांगितलं, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. त्यांनी वेगळं माप घेतलं नाही. माझाच तपकिरी कागदाचा बेत टेबलावर पसरला, खडूनं एक पदर आखला. मग कागद उलटा केला आणि दुसरा आखला. "झालं की," ते म्हणाले. यात्रेची गर्दी होती, म्हणून वरचं अंग संक्रांतीनंतर द्यायचं ठरलं. खालच्या कळ्या मी घरी जोडल्या.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी पाणी महालाच्या सज्जात आम्ही उभे राहिलो. बंधारा वाहत नव्हता, पाणी खाली गेलेलं होतं. तुळजापूरच्या एका शाळेची सातवीची मुलं आली होती. त्यांना घेराचा नाद लागला. मी वळलो की वीस फूट मलमल उघडत होती आणि ती पुन्हा वळायला सांगत होती. एका मुलीनं दोघांकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "सर, तुमची गाठ उजवीकडे आणि ह्यांची डावीकडे का?" बाकीची पोरंही वाकून बघायला लागली. उत्तर मी कारकुनाला द्यायला लावलं, कारण तोपर्यंत माझा पटका सुटत आला होता.